तहकूब मास्तर

माझा धाकटा भाऊ वकिलांचे काळे डगले शिवतो. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत त्याचं दुकान आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, मला कुणी मास्तरीण म्हटलं नाही, आणि शाळेच्या मागच्या भिंतीवरून पळून गेलेला हा माणूस मास्तर! शिंप्याला तसंच म्हणतात, त्यात माझं काही जात नाही. पण आता त्या मास्तरच्या आधी आणखी एक शब्द चिकटला आहे, आणि तो कानावर पडला की अजून माझी मान खाली जाते. तो कसा चिकटला ते एकदा नीट लिहून ठेवते. लोक सांगतात त्यात नुसती टिंगल असते.

आधी माणूस कसा आहे ते सांगते. बुटका, नाकावर घसरलेला चष्मा, गळ्यात टेप. रस्त्यात कुणी भेटलं की हा आधी खांदे बघतो, मग तोंड. एकदा नात्यातल्या एका मयताला आम्ही गेलो होतो. सगळे रडत होते, आणि हा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "ताई, पाहिलंस? थोरल्याची कॉलर मागून उठलीये. कुणी शिवला असेल गं हा कोट?" मी त्याला चिमटा काढला.

त्याचं एकच शास्त्र आहे, कच्चा टाका. कापड बेतलं की डगला आधी लांब-लांब टाक्यांनी, पांढऱ्या दोऱ्याने नुसता जोडायचा. मग गिऱ्हाइकाला बोलवायचं, अंगावर चढवायचा, खडूने खुणा करायच्या. त्यानंतर पक्की शिलाई, आणि शेवटी तो पांढरा दोरा उसवून फेकून द्यायचा. भलेभले वकील म्हणायचे, "अहो मास्तर, माप आहे ना तुमच्याकडे? टाका की शिवून." याचं उत्तर ठरलेलं. "माप कागदावर असतं साहेब, खांदा तुमच्या अंगावर. या, जरा उभे राहा." ट्रायल झाल्याशिवाय त्याने आजवर एक डगला पक्का केलेला नाही. या एका सवयीने त्याचं नाव झालं, आणि याच सवयीने त्याचं हसं झालं.

त्याला एकच मुलगी. बोलायला लागली तेव्हापासून वाद घालणारी. दूध नको तर का नको याची कारणं सांगायची. भाऊ तिला तेव्हापासून 'वकीलसाहेब' म्हणायचा. "वकीलसाहेब, आंघोळ करता का तारीख देऊ?" पोरगी खरंच कायदा शिकली. ती शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा भावाने दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर काळ्या कापडाचा एक तागा जुन्या चादरीत बांधून ठेवला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ते विकायचं नाही. वकीलसाहेब शपथ घेतील ना, त्या दिवसाचं आहे."

इतकं सरळ चाललं होतं. मग दुकानात मोजणीदार आला.

हा गृहस्थ जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला. पोट सुटल्यामुळे पँट ढिली करून घ्यायला आला आणि स्टुलावर बसला तो तिथलाच झाला. त्याच्याकडे एक सिद्धांत होता. आपली सध्याची संसद कायदेशीर नाही, असा. कारण काय? तर नवी राज्यघटना यायच्या आधी जी जुनी सभा होती, तिच्या शेवटच्या बैठकीत गोंधळ झाला. अध्यक्ष उठले, म्हणाले, "सभा तहकूब," आणि निघून गेले. 'बरखास्त' असं कुणी म्हटलंच नाही. तहकूब म्हणजे तात्पुरती थांबलेली. म्हणजे जुनी सभा अजून चालूच आहे, नुसती थांबली आहे. तिच्या डोक्यावर दुसरी सभा बसवली, ती बेकायदा. तिने केलेला प्रत्येक कायदा बेकायदा. संपलं!

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "बरं, पँट गुरुवारी न्या." पण माझ्या भावाने हातातली सुई खाली ठेवली.

"म्हणजे ट्रायलच झाली नाही म्हणा की," तो म्हणाला.

"कसली ट्रायल?"

"कच्चा टाका घातला, आणि पुढचं कुणी केलंच नाही. कच्च्या टाक्यावरच कोट घालून सगळे फिरतायत."

मोजणीदाराने मांडीवर थाप मारली. "मास्तर! इतकं सोपं करून मलासुद्धा कधी सांगता आलं नव्हतं."

आता यात माझा भाऊ का अडकला, हे बाहेरच्याला कळणार नाही. ज्या माणसाने जन्मभर 'अजून कच्चं आहे' आणि 'आता पक्कं झालं' या दोनच शब्दांवर पोट भरलं, त्याला सगळा देशच कच्च्या टाक्यावर उभा आहे हे ऐकून झोप कशी लागणार? त्यातून मोजणीदाराने त्याला मान दिला. वकील त्याला नमस्कार करायचे, पण त्याच्याशी कायदा कधी कुणी बोललं नव्हतं.

दुपारी दुकान रिकामं असलं की तिथे अड्डा बसू लागला. कोपऱ्यावरचा औषधवाला यायचा, त्याचं मत आणखी निराळं. सरकारी कागदावर नावाच्या आधी 'श्री.' नसेल तर तो कागद आपल्याला उद्देशून नसतोच, तो म्हणे त्याच नावाच्या एका कागदी माणसाला असतो. मी एकदा तिथे बसून हे ऐकलं. म्हटलं, "मग मी श्रीमती लावते ती कोण?" औषधवाला गंभीरपणे म्हणाला, "त्याचा अभ्यास अजून व्हायचाय, बाई."

मी भावाला घरी गाठलं. "अरे, संसद शेवटच्या शब्दावर उभी नसते. लोक मतं देतात, तिचे कायदे मानतात, कोर्टं ते चालवतात, नको तेव्हा लोकच तिला खाली खेचतात. इतकी वर्षं हे चाललंय, ती काय हवेत चाललीये?"

"ताई, तहकूब आणि बरखास्त, दोन्ही एकच का?"

"नाही. पण..."

"झालं तर मग."

"अरे, माझं वाक्य पुरं होऊ दे!"

"तुझं वाक्य तहकूब," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

त्याच्या बायकोने, माझ्या भावजयीने, आतून एकच प्रश्न विचारला. "वन्सं, त्या मोजणीदारांना पेन्शन कोण देतं हो? ती नाही का तहकूब झाली?" भावाने ताट सरकवलं आणि उठला.

हे घरात होतं तोवर चाललं असतं. पण एक दिवस मुलगी दुकानात आली. परीक्षा पास झाली होती, एका वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करत होती, शपथेची तारीख लागली होती. म्हणाली, "बाबा, माप घेता ना?"

भाऊ काज करत होता. वर न बघता म्हणाला, "कुठल्या कायद्याखाली शपथ घेणार तू?"

"वकिलांच्या कायद्याखाली. दुसऱ्या कुठल्या?"

"तो कायदा कुणी केला?"

पोरीला सगळं ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, "बाबा, तुम्ही माझा डगला शिवणार नाही का?"

"खोट्या शपथेचा डगला मी शिवत नाही. माझी बोटं तसं करायची नाहीत."

इतके वकील त्याच शपथेवर उभे, त्यांचे डगले कसे शिवता, असं डबा घेऊन आलेल्या भावजयीने विचारलं. तो म्हणाला, "ती गिऱ्हाइकं. ही माझी मुलगी आहे." म्हणजे तोही त्याच्या दृष्टीने मानच! पोरगी उठली. वरच्या फळीकडे बघितलं आणि गेली. त्या दिवसापासून भावाने तिला वकीलसाहेब म्हणणं सोडलं. नावाने हाक मारायला लागला. ती माझ्याकडे राहायला आली, आणि आल्या आल्या मला म्हणाली, "आत्या, बाबा मला नावाने हाक मारतात तेव्हा शाळेत नापास झाल्यासारखं वाटतं."

मग दुकानाच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. दरवर्षी तो मुकाट्याने जाऊन करून यायचा. या वर्षी गेला नाही. तपासनीस आला, तर त्याला स्टुलावर बसवून तहकूब आणि बरखास्त समजावून सांगितलं. तपासनिसाने चहा घेतला, मान डोलावली आणि खटला भरला. पुन्हा नोंदणी झाली नाही तर दुकानाला टाळं लागणार होतं.

मी म्हटलं, "वकील दे."

"वकील कशाला? मी स्वतः बोलणार. बरं झालं, एकदाचं कोर्टासमोर येतंय."

"अरे, तिथे सगळी तुझी गिऱ्हाइकं!"

"म्हणूनच."

त्या दिवशी कोर्टाची ती खोली भरलेली होती. असल्या किरकोळ खटल्याला काळं कुत्रं येत नाही, पण बातमी फुटली होती. समोरच्या बाकांवर ओळीने काळे डगले, त्यातले निम्मे भावाच्या हातचे. मागच्या बाकावर वकिलाच्या फायली मांडीवर घेऊन भाची बसली होती. तिच्या वकिलाची नंतर तारीख होती, तिला ते टाळता येत नव्हतं. तिच्याजवळ जाऊन बसावं की लांब बसावं, तिला काय बरं वाटेल, मला कळेना. शेवटी लांब बसले. मोजणीदार दाराशी उभा होता. पुकारा झाला तेव्हा मी मागे बघितलं, तर दाराशी कुणी नव्हतं.

न्यायाधीश बाई होत्या. पूर्वी वकिली करायच्या, भाऊ त्यांना ओळखत होता. पण याला मुलगी आहे हे त्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

"बोला, मास्तर," त्या म्हणाल्या. चांगल्या आवाजात म्हणाल्या, हे मी मुद्दाम लिहिते.

भाऊ बोलला. घरी रटाळ वाटायचं ते तिथे उभं राहून बोलला तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, आता काय उत्तर देणार ही? तो म्हणाला, "साहेब, कच्च्या टाक्यावरचा कोट नुसता बघायला घालतात. तो घालून कुणी घरी जात नाही. जुनी सभा तहकूब झाली आणि तुम्ही सगळे तसेच घरी गेलात."

पुढच्या बाकावर कुणीतरी तोंडावर हात धरला.

"हे मी एकटा म्हणत नाही," भाऊ म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "ही माझी सख्खी बहीण. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होती. तहकूब आणि बरखास्त एक नव्हेत, हे तिला मान्य आहे. विचारा हवं तर."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यात माझे दोन जुने विद्यार्थी होते, डगल्यातले. धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी पर्स उघडून आत बघत बसले. आत काही नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी मला काही विचारलं नाही. त्यांनी भावाला विचारलं, "मास्तर, समजा मी तुमचं सगळं मान्य केलं. आज संध्याकाळपासून कोणता कायदा चालू करायचा?"

"जुना," भाऊ म्हणाला. "जुन्या सभेचा. जो पक्का आहे तो."

"जुन्या कायद्यात बायकांना वकिली करायला बंदी होती. ठाऊक आहे?"

भावाने घसरलेला चष्मा वर सरकवला.

"म्हणजे मी इथे बसणार नाही. आणि ती मागे फायली घेऊन बसलेली मुलगी आहे ना, तिलाही उठून घरी जावं लागेल. सांगू का तिला?"

बाईंनी सहज, समोर दिसली म्हणून तिच्याकडे हात केला. सगळी खोली मागे वळली. काहींना ती कोण ते माहीत होतं. त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं, त्याने पलीकडच्याला. कुजबूज बाकांवरून पुढे सरकत गेली. भाऊही वळला.

मुलीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने फाईल उघडली, तोंड आत घातलं, आणि पान उलटलं. एक उलटलं, मग दुसरं. आपला कुणाशी काही संबंध नाही, अशी.

मी भावाला लहानपणापासून बघते आहे. मार खाताना बघितलं, भूक लागलेली असताना खोटं बोलताना बघितलं. पण त्याचा असा चेहरा कधी बघितला नव्हता. त्याचे खांदे खाली आले. इतरांच्या खांद्यांवर जन्म काढलेला माणूस, त्याचा स्वतःचा सदरा दोन्हीकडून लोंबायला लागला.

"मास्तर?" बाई म्हणाल्या. "काही म्हणायचंय?"

त्याने ओठ ओले केले. आणि कोर्टात जन्मभर कानावर पडलेलं जे एकच वाक्य त्याला आठवलं, ते तो बोलून गेला.

"तहकूब करा, साहेब."

सुनावणी पुढे ढकला, एवढंच त्याला म्हणायचं होतं. रोज शंभर वकील म्हणतात ते. पण त्या खोलीत, त्या माणसाच्या तोंडून, तो शब्द! छप्पर उडेल इतकं हसले सगळे. पट्टेवाला हसला, टंकलेखक हसला, माझे विद्यार्थी डोळे पुसायला लागले. न्यायाधीशबाईंनी खाली बघून ओठ दाबले, मग टेबलावर हात आपटून शांतता मागितली. भावाला कळेचना काय झालं. विनोद केला असं समजून लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, ते तर आणखी वाईट.

बाहेर जिन्यावर एका तरुण वकिलाने हाक मारली, "काय तहकूब मास्तर!" तेव्हापासून ते तसंच.

भावाने दुसऱ्याच दिवशी जाऊन नोंदणी करून टाकली. खटला निकालात निघाला, टाळं टळलं. मोजणीदार पुन्हा फिरकला नाही. त्याची ढिली केलेली पँट अजून दुकानात लटकते आहे. पण भाऊ दुकानाचं दार अर्धंच उघडायला लागला. गिऱ्हाईक आलं की माप घेताना पूर्वी बोलायचा, आता नुसता टेप फिरवायचा. भावजय मला म्हणाली, "वन्सं, हे आरशासमोरचं स्टूल बाजूला करून ठेवतात. म्हणतात, वाटेत येतं."

इकडे माझ्या घरी दुसरं माणूस तसंच. भाची जेवायला बसायची आणि ताटाकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "आत्या, मी 'हे माझे बाबा आहेत' म्हणायला हवं होतं. उठून उभं राहून. मी काय वाचत होते त्या फायलीत? ती फाईल उलटी होती."

"मग जा आणि सांग त्याला."

"कुठल्या तोंडाने?"

मला असल्या गोष्टींचा उबग येतो. एक शब्दावर अडतो, दुसरी तोंडावर. शपथेचा दिवस जवळ आला. भाचीने बाजारातून तयार डगला आणला. घालून बघितला तर खांदे दंडावर उतरलेले, बाही बोटांपर्यंत. शिंप्याची मुलगी! तिने तो काढून घडी घातला आणि म्हणाली, "चालेल."

दोन दिवसांनी भाऊ माझ्या दाराशी आला. आत येईना. हातात जुन्या चादरीतलं गाठोडं. "तिला दे," म्हणाला आणि जिना उतरून गेलासुद्धा.

मी गाठोडं सोडलं. वरच्या फळीवरचं कापड, त्याचा डगला. मन भरून आलं, मी उचलून उजेडात धरला, आणि माझं डोकंच फिरलं. खांद्यावर, बाहीवर, पाठीवर, सगळीकडे लांब-लांब पांढरे टाके! कच्चा टाका! इतकं झालं, कोर्टात नाक कापून घेतलं, तरी याचं अजून तेच? पोरीच्या शपथेला कच्च्या टाक्यावरचा डगला? अजून हिची शपथ याला कच्चीच वाटते?

"थांब, मी जाऊन त्याची खरडपट्टी काढते," म्हणून मी चपला शोधायला लागले.

भाचीने डगला माझ्या हातातून घेतला. बराच वेळ पांढऱ्या दोऱ्यावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आत्या, तुला इतकं कळत नाही? ट्रायलला बोलावलंय मला."

मी चपला पायात घातल्याच होत्या, तेव्हा तिच्याबरोबर गेले.

दुकानात भाऊ इस्त्री करत होता. आम्हाला बघून त्याने इस्त्री उभी केली. भाची डगला चढवून आरशासमोर उभी राहिली. स्टूल बाजूला होतं, त्याने ते ओढून आणलं, तिला वर चढायला सांगायचं म्हणून नुसती मान हलवली. मग टाचण्यांची डबी उघडली आणि मूठभर टाचण्या ओठांत धरल्या. शिंपी तसं करतातच. पण एका वेळी इतक्या टाचण्या मी त्याच्या तोंडात कधी बघितल्या नव्हत्या. बोलायला नको म्हणून असणार.

दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. ती आरशात, तो खांद्याकडे. त्याने डावीकडे खडूची रेघ ओढली, पाठीवर हात फिरवून कापड बसवलं.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी..."

त्याने मान हलवली. नको, अशी.

"मी उठायला हवं होतं."

त्याचा हात थांबला. एक टाचणी ओठातून काढली, खांद्यात खोचली. मग दुसरी. ती रडायला लागली, खांदे हलायला लागले, आणि शिवणीची रेघ वाकडी व्हायला लागली. तेव्हा उरलेल्या टाचण्या तशाच दातांत धरून, अर्ध्या तोंडाने तो म्हणाला,

"हलू नका, वकीलसाहेब."

शपथेच्या दिवशी तो आला नाही. मी किती सांगितलं. म्हणाला, "ताई, मी दारात दिसलो की एकजण म्हणणार 'तहकूब मास्तर आले', आणि सगळे माझ्याकडे बघणार. तिच्याकडे कोण बघेल? एकदा झालं तेवढं पुरे." भावजय आणि मी गेलो. भाचीने शपथ घेतली, मोठ्याने, एक शब्द न अडखळता. घरी जाताना मी दुकानावरून गेले. दार अर्धं उघडं होतं. तो कुणाच्या तरी डगल्याचा पांढरा दोरा उसवत बसला होता. शपथ कशी झाली, काय म्हणाली, कोण आलं होतं, काही विचारलं नाही.

"मागून कसा पडत होता?" म्हणाला.

"सरळ पडत होता."

"खांदा?"

"खांदाही."

"बरं," म्हणाला, आणि उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला.